सांबरांच्या पानात मीठ

सांबर हे फार देखणं जनावर आहे, असं लोक सांगतात. सांगणाऱ्यांच्या परड्यात ते कधी शिरलेलं नसतं. माझ्या परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, ते लागोपाठ दोन वर्षं शिरलं आणि त्या दोन वर्षांत त्याच्या शिंगांकडे किंवा डोळ्यांकडे बघायला मला सवड झाली नाही. मी बघत होते ते त्याचं तोंड. त्या तोंडात माझ्या आईचं बी जात होतं.

पन्नासच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. बाजारात नवे पैसे आले होते, पण कुडाळच्या बाजारातल्या बायका अजून आण्यांतच बोलायच्या. मी मालवणच्या किनाऱ्यावरची. लग्न होऊन आले ती वालावलच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत. माहेरी दार उघडलं की समुद्र, सासरी दार उघडलं की डोंगर. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो गणपतीला यायचा. एरवी घरात आम्ही तिघंच, सासूबाई, मामंजी आणि मी.

सासूबाई वाईट नव्हत्या. जीभ तेवढी तिखट होती, आणि एक गोष्ट त्या विसरायला तयार नव्हत्या. माझ्या लग्नात माझ्या आईने त्यांना विहिणीच्या मानाचं लुगडं दिलं, ते हलकं निघालं. आई विधवा होती, तिच्याने जमलं तेवढं तिने केलं होतं. सासूबाईंनी ते लुगडं भर मांडवात उजेडाकडे धरून पाहिलं. ‘पलीकडचो भटजी दिसलो माका तेच्यातसून,’ असं त्या पुढे जन्मभर सांगत राहिल्या. तेव्हापासून त्यांनी माझ्या आईला कधी ‘विहीण’ म्हटलं नाही. आईचा उल्लेख करायची वेळ आली की त्या म्हणायच्या, ‘ती दर्यावरची.’ माझ्या लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच आई तापाने गेली, आणि हे भांडण तसंच राहून गेलं. मेलेल्या माणसाशी अबोला धरणाऱ्या बाईला काय म्हणायचं, हे मला कळत नसे. राग मात्र यायचा, आणि तो मी गिळायची.

आई गेल्यावर भावाने घराला कुलूप लावलं आणि तो मुंबईला गेला. आईचं परडं दुसऱ्याकडे गेलं. त्याने वेलांची जागा मोडून माड लावले. मी दिवसकार्याला गेले होते तेव्हा चुलीवरच्या आढ्याला एक सुकवलेला भोपळा टांगलेला होता, तो काढून घेतला. त्यात राखेत घोळून ठेवलेलं अळसांद्याचं बी होतं. अळसांदे म्हणजे मोठ्या दाण्याची चवळी. पण आईचे अळसांदे वेगळे होते. पांढरा दाणा, पोटाशी तांबडा ठिपका, आणि शिजले की साल सुटायची नाही. तसा दाणा मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिला नाही. आईने तो तिच्या आईकडून आणला होता. आता तो जगात कुठे असेल तर त्या भोपळ्यात, माझ्या हातात.

आई म्हणायची, सगळं बी एकदम पेरू नये, निम्मं पेरावं आणि निम्मं राखेत ठेवावं. मी तसंच केलं. पहिल्या वर्षी भात कापून झाल्यावर परड्यात निम्मं पेरलं. वेल चढले, फुलले, आणि एका सकाळी पाहते तर जमिनीसरशी खुंटं. ओल्या मातीत गाईच्या खुरापेक्षा अरुंद, टोकदार ठसे होते. मामंजींनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘सांबर.’ जणू गावातला ओळखीचाच कुणी माणूस येऊन गेला होता.

दुसऱ्या वर्षी पेच पडला. अळसांद्याचं बी राखेत ठेवलं तरी दोन-तीन पावसाळ्यांपुढे धरत नाही. यंदा पेरलं नाही तर पुढे उगवणार नाही. पेरलं आणि खाल्लं गेलं तर संपलं. राखेत ठेवायला पुन्हा निम्मं करावं तर आधीच ओंजळभर. सासूबाईंनी तोडगा सांगितला. ‘शिजव आणि खा गो. सांबराच्या पोटात जाण्यापेक्षा आपल्या पोटात गेलेला बरा.’

मी त्यांच्यासमोर भोपळा फोडला आणि सगळंच्या सगळं बी पेरलं. मी हट्टी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, माझ्याबरोबर राहिलेल्या माणसांना विचारा. पण त्या दिवशी माझा हट्ट नव्हता, निश्चय होता, आणि या दोहोंत फरक असतो असं मी मानते. हट्टात समोरच्याला हरवायचं असतं. मला सांबराला हरवायचं नव्हतं. मला बी पाहिजे होतं.

पहिलं काम वईचं. वई म्हणजे काटेरी कुंपण. करवंदीच्या जाळ्या तोडून, ओढून आणून मी माझ्या डोक्याइतकी उंच वई घातली. हात सोलवटले, लुगड्याची लक्तरं झाली. सांबराने वईकडे बघितलं असेल की नाही, मला शंका आहे. उडी मारून ते आत आलं, एका टोकाचे वेल चाखले आणि तसंच उडी मारून गेलं. काट्यांना साधं लोमसुद्धा लागलेलं नव्हतं.

मग बुजगावणं. माझ्या नवऱ्याचा जुना सदरा मी काढला, तर सासूबाई कडाडल्या, ‘जित्या माणसाचे कपडे बावल्याक घालतत?’ म्हणून मामंजींचा विटलेला काळा कोट आणि टोपी घेतली. मामंजीही जिवंतच होते, पण त्याला त्यांची हरकत नव्हती. बुजगावणं इतकं हुबेहूब झालं की वाटेने जाणारा एक गाववाला दोन दिवस त्याला रामराम करत गेला आणि तिसऱ्या दिवशी मामंजींवर रुसला, की हल्ली बोलायला नको तुम्हाला. सांबर रुसलं नाही. त्याने बुजगावण्याच्या हाताला अंग घासलं आणि हात मोडून ठेवला.

मग मामंजींनी मनावर घेतलं. त्यांनी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, बांबूचा एक ठोक्या बसवला. पाणी भरलं की बांबू कलंडायचा आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर आपटायचा. काम फार सुरेख झालं होतं. त्या आवाजाने आम्ही तिघं जागलो आणि सांबर जेवलं. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन डबा काढून आणला आणि त्यात तांदूळ भरले.

शेजारी एक ख्रिस्ती बाई राहायची. तिचं माहेर गोव्यात. सगळी वाडी तिला बाय म्हणायची. तिने सांगितलं, जनावराला माणसाचा वास सहन होत नाही, न्हाव्याकडचे केस आणून टांग. मी न्हाव्याकडून केसांचं गाठोडं आणलं. सासूबाईंनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. फडक्यांत बांधून वईवर टांगले, तर बुलबुलांनी फडकी उसकटली आणि केस घरट्यांना नेले. त्या वर्षी आमच्या वाडीतल्या बुलबुलांची घरटी फार मऊ झाली असतील.

बाय तेवढ्याने खचली नाही. गोव्याची हद्द तेव्हा बंद होती, तिकडून काही येत नव्हतं. तिच्याकडे हद्द बंद होण्याआधी आलेली वासाच्या साबणाची एक वडी होती. ती तिने पेटीत कपड्यांमध्ये जपून ठेवली होती. ती वडी तिने सुरीने अर्धी केली आणि माझ्या हातावर ठेवली. ‘घे गो. ह्या वासान वाघ पळतलो.’ मी नको नको म्हटलं, पण तिने ऐकलं नाही. मी साबणाचे तुकडे चिंधीत बांधून टांगले. वाघाचं माहीत नाही. कावळ्यांनी ते तुकडे त्याच दुपारी पळवले, आणि बायला हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठासणीची बंदूक असलेला एक जण आपणहून आला. एका बाराचं काम आहे म्हणाला. मामंजी माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, ‘रानात सांबर एकच आसा काय?’ तो म्हणाला, ‘एक कसा आसात? कळप आसा.’ मग म्हटलं, तुमचा बार संपेल आणि सांबरं संपणार नाहीत, चहा घ्या. त्याने चहा घेतला.

हे सगळं होईस्तोवर परड्यातले निम्मे वेल गेले होते. तेव्हा माझ्यातली दर्यावरची जागी झाली.

किनाऱ्यावरच्या माणसाला खाऱ्या पाण्याचा भारी अभिमान असतो. कुठे कापलं, खारं पाणी लाव. दात दुखतो, खारं पाणी घे. बांगड्यांचा हंगाम होता. घराघरांत मडक्यांमध्ये बांगडे मीठ लावून रचलेले होते, आणि त्या बांगड्यांना सुटलेलं पाणी मडक्याच्या तळाशी होतं. त्या पाण्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. एरवी ते पाणी माडाच्या मुळात ओततात. मी म्हटलं, गवत खाणारं जनावर या वासापुढे टिकूच शकत नाही. आमच्या मडक्यातलं घेतलं, बायकडचं घेतलं, मासेवालीला सांगून तिच्याकडचं मागवलं, आणि सगळ्या वईच्या कडेने मातीत ओतलं. वईच्या खुंटांनाही फासलं.

वाडीत दोन दिवस कुणी नाकावरचा पदर काढला नाही. सासूबाई जेवताना परड्याकडे पाठ करून बसल्या. पण सांबर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही आलं नाही. चौथ्या दिवशी मी ओटीवर उभी राहून, सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, ‘शेवटी दर्याच कामाक इलो.’ मला फार बरं वाटलं.

थंडीचे दिवस होते, रोज दव पडत होतं. दवाने वास धुतला. मीठ मात्र मातीतच राहिलं.

एका सकाळी उजाडता उजाडता मी कळशी घेऊन विहिरीकडे निघाले आणि वईपाशी थबकले. एक सांबरीण, तिचं पाडस, मागे आणखी दोन मोठी. चौघं रांगेने वईला लागून उभी होती आणि जमीन चाटत होती. एक जण खुंट चाटत होतं, डोळे मिटून, आपण बोट चाटतो तसं. सांबरिणीने माझ्याकडे पाहिलं, जिभेने नाक पुसलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी कळशी फेकली, ओरडले, धावले. तेव्हा कुठे ती गेली, आणि तीही काही फार घाईने नाही. वईच्या कडेला त्यांनी चाटून चाटून खळगे पाडले होते. मीठ चाटता चाटता आत जाऊन वेलही खाल्ले होते. एका कोपऱ्यातले थोडे वेल तेवढे राहिले होते, आणि त्यांचीही वईजवळची पानं खाऱ्या मातीने पिवळी पडायला लागली होती.

माझा आवाज ऐकून सासूबाई आल्या. त्यांनी खळगे बघितले, वेल बघितले, माझ्याकडे बघितलं.

‘पानात मीठ वाढलंस,’ त्या म्हणाल्या. ‘आता पावणे जेवल्याशिवाय उठतले काय?’

मी तिथेच मातीत बसले आणि रडले. रागाने रडले. सांबराचा राग, सासूबाईंचा राग, आणि सगळ्यात जास्त राग माझ्या त्या अभिमानाचा, ज्याने आईचं उरलंसुरलं बी पाहुणचाराला लावलं होतं. सासूबाईंनी माझी कळशी उचलली आणि पाणी आणायला स्वतः गेल्या.

दुपारी त्यांनी मला जेवायला वाढलं. केळीचं पान मांडलं, आणि त्यावर डाव्या बाजूला, वर, चिमूटभर मीठ ठेवलं. आधी मीठ, मग बाकी सगळं, हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं. मी त्या मिठाकडे बघत बसले. पान मांडलेलं दिसलं की माणूस तिथे येऊन बसतो. पान चुलीपाशी मांडा, चुलीपाशी बसेल. अंगणात मांडा, अंगणात बसेल.

मी सासूबाईंना म्हटलं, ‘आई, पानच दुसरीकडे मांडूया.’

‘जेव आधी,’ त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, मला भ्रम झाला.

जेवून मी कुदळ घेतली. वईच्या कडेची खारी माती हातभर खोल खणायला लागले. ओतलेलं सगळं मीठ त्या मातीत होतं आणि ते तिथे ठेवून चालणार नव्हतं. टोपलीत माती भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि डोंगर चढायला लागले. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर एक पाझर होता. तिथे सांबरांच्या पाण्याची वाट होती, मामंजींना ती ठाऊक होती. तिथे माती ओतायची, खाली यायचं, पुन्हा भरायची. सांबरांनी मीठ सोडून खाली यायचं कारण नाही, असा माझा हिशेब. खात्री मुळीच नव्हती. पण दुसरं काही उरलं नव्हतं, आणि जिथे दुसरं काही उरत नाही तिथे माझे पाय बरे चालतात.

‘खुळावलंस काय गो?’ सासूबाई म्हणाल्या. ‘डोंगराक माती वाहतंस?’

त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत वाहिली. दुसऱ्या दिवशी मामंजींनी खणायचं काम घेतलं आणि मी नुसती वाहू लागले. मान अशी आखडली की वळून बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. दुपार कलली तेव्हा मी टोपली उचलायला वाकले, तर शेजारी दुसरी टोपली भरलेली होती आणि सासूबाई डोक्यावर चुंबळ बसवत होत्या.

‘बघतंस काय? हात लाव,’ त्या म्हणाल्या.

मी हात लावला. त्या पुढे, मी मागे. चढताना बोलण्याइतका दम दोघींनाही नव्हता. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. त्या माथ्यावर त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. खाली कर्लीची खाडी दिसत होती आणि तिच्या पलीकडे, अगदी टोकाला, समुद्राची पांढरट रेघ.

‘तुजा म्हायार खंय दिसता?’ त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. दिसत काही नव्हतं, नुसती दिशा होती.

त्या तिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘लगनाक ती थयसून चलत इल्ली?’

‘खाडीपर्यंत होडयेन. मगे चलत.’

‘लुगडा घेवन?’

‘होय.’

‘लांब आसा गो,’ त्या म्हणाल्या, आणि टोपली उचलायला वाकल्या. मी हात लावला.

सगळी खारी माती वाहून झाल्यावर मामंजींनी खळग्यांत चांगली माती भरली आणि आम्ही खुंट उपटून, व्हाळात धुऊन पुन्हा ठोकले. पाझरापाशी आम्ही मातीवर आणखी थोडं जाडं मीठ टाकलं. मग मामंजी म्हणाले, देवाला सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. आमच्याकडे हद्दीच्या राखणदाराला वर्षातून एकदा राखण, म्हणजे त्याचा मान, देतात. मामंजींनी नारळ घेतला, पाझरापाशी ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

‘हे बा राखणदारा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा,’ सासूबाई आणि मी म्हटलं.

‘ही रानची सांबरां तुजी गुरां म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘हय जा काय मीठ घातला हा, ता तुज्या गुरांक घातला हा. ता तेंनी हयच बसान खावचा. खाली माज्या सुनेच्या परड्याकडे तेंची नदर जाव देव नको रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

सगळ्यात मोठ्याने म्हणाल्या त्या सासूबाई. मुंबईच्या कुण्या शिकलेल्या माणसाने हे पाहिलं असतं तर त्याला मौज वाटली असती. मला मौज वाटत नव्हती. मी मनापासून ‘व्हय’ म्हणत होते.

राखणदाराने ऐकलं की मिठाने काम केलं, हा वाद मामंजी आणि मी पुढे कितीतरी वर्षं घातला. सांबरं पाझराला गेली, एवढं खरं. तिथली माती चाटून त्यांनी मोठा खळगा पाडला. एकदा आमच्या वईपर्यंत ठसे आले, धुतलेल्या खुंटांपाशी घोटाळले आणि परत गेले. दर अमावास्येला मी पाझरावर मीठ टाकून यायची. मीठ संपत आलं की सासूबाई स्वतः आठवण करायच्या, ‘तुज्या पावण्यांका मीठ व्हया ना गो?’

कोपऱ्यातल्या वेलांनी नवी पानं धरली. मग फुलं आली, मग शेंगा. हिरव्या शेंगा भाजीला काढायच्या नाहीत, वेलावरच वाळू द्यायच्या, तेव्हा बी धरतं. एवढे दिवस वाट बघणं मला माती वाहण्यापेक्षा जड गेलं. शिमग्याला सगळी वाडी देवळाकडे निघाली. मी म्हटलं, मी परड्यातच थांबते. शेंगा वाळत आल्या होत्या आणि एवढ्यासाठी मी सगळे सण सोडले असते.

‘तू जा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी बसतंय.’

शिमग्याची त्यांना भारी हौस.

‘जा म्हणतंय ना! माका काय सांबर खाता?’

मी गेले, पण मन लागलं नाही. दिवेलागणीला परत आले, तर त्या वईपाशी दगडावर बसल्या होत्या. मांडीवर काठी, आणि पुढ्यात तो ठोक्याचा डबा. तांदूळ त्यांनी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवले होते. अधूनमधून त्या काठीने डब्यावर एक सणसणीत ठोका घालत होत्या. त्या ठोक्यांनी सांबरच काय, मीही दूर उभी राहिले.

त्या वर्षी आम्हाला बी मिळालं ते दोन ओंजळी असेल नसेल. पांढरा दाणा, पोटाशी तांबडा ठिपका. मी ते सुपात पसरलं. सासूबाईंनी राख चाळून दिली. भोपळा मी फोडला होता, म्हणून त्यांनी त्यांचा स्वतःचा भोपळा रिकामा केला, आणि भरून चुलीवरच्या आढ्याला, त्यांच्या बियांच्या रांगेत टांगला. पुढल्या वर्षी निम्मं पेरलं, निम्मं ठेवलं. त्याच्या पुढच्या वर्षी अळसांदे भाजीलाही निघाले. साल सुटत नाही हे मामंजींनी मान्य केलं.

मग गोव्यातून पोर्तुगीज गेले आणि हद्द उघडली. बाय इतक्या वर्षांनी बहिणीकडे जाऊन आली. येताना माझ्यासाठी वासाच्या साबणाची अख्खी वडी घेऊन आली. ‘आता ही झाडाक बांधू नको,’ म्हणाली, ‘तोंडाक लाव.’ आणि मग तिने बी मागितलं. तिच्या बहिणीच्या परड्यात लावायचं होतं.

मी आत होते, भाकरी थापत होते. सासूबाईंनी भोपळा काढला आणि ओटीवर बायच्या पदरात बी ओतलं. त्याचा आवाज मला आत आला. बायने विचारलं, ‘ह्याच मगे ता दर्यावरचा बी?’

सासूबाईंनी भोपळा खाली टेकवलेला ऐकू आला.

‘दर्यावरचा म्हणजे काय गो?’ त्या जराशा रागानेच म्हणाल्या. ‘माज्या विहिणीचा बी आसा ता. तुज्या भयणीक सांग, विहिणीचा म्हणान दिलंय.’

माझी भाकरी तव्यावर करपली. हा शब्द ऐकायला आई आणखी चार-पाच वर्षं जगायला हवी होती. ती नव्हती, म्हणून तिच्या वतीने मी ऐकला. पिठाच्या हातांनीच बाहेर आले आणि बायला म्हटलं, ‘निम्माच पेर म्हणान सांग हां, बाय. निम्मा राखेत ठेवक व्हयो.’ आई असंच सांगायची. माझा आवाजही त्या वेळी तिच्यासारखाच लागला होता, असं सासूबाई नंतर म्हणाल्या. आईचा आवाज त्यांनी ऐकला होता तो एकदाच, लग्नाच्या मांडवात.